रिलीव्हर येईपर्यंत

माझी मुलगी झोपत नव्हती, आणि तिच्या लॅपटॉपमधली माणसंही झोपत नव्हती. तिनं मला मदतीला हाक मारली ती त्या माणसांसाठी. स्वतःसाठी तिनं कधी कोणाला हाक मारली नाही.

आधी कोण काय ते सांगून टाकतो. मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. राहतो दौंडला, रेल्वे लाइनीच्या अलीकडे, दोन खोल्यांत. पाळ्यांची नोकरी, आठवडाभर सकाळ, मग दुपार, मग रात्र, आणि पुन्हा पहिल्यापासून. बायको शिरूरची, मिशनच्या आवारात वाढलेली. ती आजारी पडून गेली तेव्हा मुलगी फार्मसीच्या डिप्लोम्याला होती. घरात आम्ही तिघंच होतो. मग दोघं राहिलो.

बायको गेल्यावर तुम्हाला कसं वाटतंय, असं लोक विचारायचे. काही वाटत नव्हतं, हेच खरं उत्तर होतं, पण ते तोंडावर सांगता येत नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, तेव्हा गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही. तसा मी सबंध झालो होतो. जेवत होतो, कोपऱ्यावर कंपनीच्या बससाठी उभा राहत होतो, पॅनलसमोर बसून रिॲक्टरचं तापमान बघत होतो. एकही पाळी बुडवली नाही. शिफ्ट इनचार्ज सगळ्यांसमोर म्हणायचा, माणूस असावा तर असा. माणूस कुठला, खुर्ची होती ती.

आणि मी झोपत होतो. पाळ्या करणाऱ्या माणसाला झोप ही खिशातल्या रुमालासारखी असते, हवी तेव्हा काढायची. दफन करून आलो त्या दिवशीही मी झोपलो. काही नातेवाइकांना त्याची माझ्या वतीनं लाज वाटली. मला नाही वाटली.

मुलीचं मात्र उलटं झालं. सुरुवातीला माझ्या ते लक्षातच आलं नाही, कारण मी एक तर कंपनीत असायचो, नाहीतर घोरत असायचो. कळलं ते उसाच्या ट्रॉलीमुळं. कॉलेजातून येताना तिची स्कूटी ट्रॉलीच्या मागच्या अंगाला घासून रस्त्याकडेला गेली. कोपर सोललं, एवढ्यावर निभावलं. दिवसाउजेडी, सरळ रस्ता, समोर उसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली, आणि ही म्हणते, ‘पप्पा, मला दिसलीच नाही.’

तेव्हा मी तिच्याकडं नीट बघितलं. डोळ्यांखाली काळं, ओठ सुकलेले, आणि बोलता बोलता वाक्य मधेच सोडून द्यायची.

‘झोपतेस का तू?’

‘लागते की थोडी.’

लागत नव्हती. कंपनीत एखाद्या ऑपरेटरची नजर अशी सुटलेली दिसली, तर मी त्याला त्याच मिनिटाला खुर्चीवरून उठवतो. इथं कुठून उठवणार? स्कूटीची किल्ली माझ्या खिशात टाकली आणि ती तिथंच राहिली. पण गॅस पेटवायला किल्ली लागत नाही, रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्या उतरायलाही लागत नाही. पुढच्या वेळी नुसतं कोपर सोलेल असं नव्हतं. माझ्या घरात आता ती एकटी उरली होती आणि तीही हळूहळू हातची चालली होती. हे मला स्पष्ट समजत होतं. नुसतं समजत होतं, आत काही हलत नव्हतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळी घेऊन ती डोळे मिटायची आणि मी खोलीतून गेलो की उघडायची. पाळक साहेब येऊन प्रार्थना करून गेले. शेजारीण म्हणाली, पोरीची दृष्ट काढा. आम्ही ख्रिस्ती, आमच्यात ते नाही, पण तिनं मीठ-मोहरी ओवाळून टाकलीच. मी नको म्हणालो नाही. त्या दिवसांत मी कशालाच नको म्हणत नव्हतो.

शेवटी तिला शिरूरला धाडली, माझ्या मेहुणीकडं. ही बायकोची थोरली बहीण. अजून मिशनच्या मागच्या जुन्या घरात राहते, आणि तिचा जायफळावर फार विश्वास. दुधात जायफळ, डोक्याला तेल, तळपायाला तूप, आणि वर एक स्तोत्र मोठ्यानं वाचायचं. एवढ्या माऱ्यापुढं हत्तीसुद्धा आडवा होईल. आठवडा झाला नाही तोच तिचा फोन आला.

‘पाव्हणं, पोरीला घिऊन जावा.’

‘का? त्रास देते का?’

‘तरास न्हाई वो. ती झोपत न्हाई ते न्हाई, आन् मला बी झोपू देत न्हाई. कवा बी डोळं उघडलं की ही माझ्या उशाशी बसलेली. माझ्या नाकाकडं बघत! म्या म्हटलं, काय गं? तर म्हंती, काय न्हाई मावशी, तू झोप. आता असं टक लावून बघितल्यावर जित्या माणसाला झोप यील व्हय? मला तर वाटाया लागलं, माझंच काय खरं न्हाई.’

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी फोन कानाला धरून उभा राहिलो.

‘आन् दिसभर त्या लॅपटॉपात माणसं खेळवती,’ ती नाक ओढत म्हणाली. ‘ती बी झोपत न्हाईत म्हंती. सगळा गावच जागा हाय.’

सुट्टीच्या दिवशी जाऊन तिला घेऊन आलो. शिरूरहून दौंडची एसटी न्हावऱ्यावरून चौफुल्याला येते आणि तिथून हायवेनं. न्हावऱ्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. पुढचं मला माहीत नाही, कारण मी झोपलो. वरवंडला जाग आली, तर समोरच्या सीटवरची बाई, तिच्या मांडीवरचं बाळ, दाराजवळचा म्हातारा, सगळे पेंगत होते. माझी मुलगी तेवढी पिशवी मांडीवर घेऊन माझ्या तोंडाकडं बघत बसली होती.

‘कुठं आलो?’

‘वरवंड. झोपा तुम्ही. मी जागी आहे.’

हे वाक्य आधी ऐकल्यासारखं वाटलं. ते माझंच होतं.

पुण्याच्या दवाखान्यानं ‘आता घरी घेऊन जा’ म्हटल्यावर बायकोला आम्ही बाहेरच्या खोलीत कॉटवर ठेवलं होतं. सतत कोणीतरी जवळ लागायचं, आणि माणसं दोनच. तेव्हा मी मला जे येतं तेच केलं. घराचा प्लँट केला. माझी पाळी आणि मुलीची पाळी ठरवली. कॉटशेजारी एक स्टूल ठेवलं. ज्याची पाळी त्यानं स्टुलावर बसायचं. उठताना दुसऱ्याला तोंडी चार्ज द्यायचा: काय खाल्लं, औषध कधी दिलं, कुठल्या कुशीवर आहे, काय पेंडिंग आहे. घेणाऱ्यानं सगळं ऐकून ‘चार्ज घेतला’ म्हणायचं. तो शब्द कानावर आल्याशिवाय पहिल्यानं जागचं हलायचं नाही. कंपनीत हाच नियम आहे. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही, मग घरी कोणी मरत का असेना. आणि ज्याची पाळी संपली त्यानं लगेच झोपायचं, कारण पुढची पाळी त्याचीच. तेव्हा मी तिला म्हणायचो, ‘झोप तू. मी जागा आहे.’

बायको कॉटवरून आमची चेष्टा करायची. ‘मी काय रिॲक्टर हाय का? बघा बघा, प्रेशर वाढलं का माझं.’ मुलगी गंभीर चेहऱ्यानं सांगायची, ‘प्रेशर नॉर्मल, पप्पा.’ मग तिघंही हसायचो. आजारपणातही घरात हसू होतं, हे सांगायला पाहिजे.

ती गेली त्या दिवशी मी रात्रपाळी करून आलो होतो. मुलीला म्हटलं, चहाच्या वेळेला मी चार्ज घेतो, आणि आतल्या खोलीत जाऊन झोपलो. चहाच्या वेळी आपोआप जाग आली. बाहेर आलो, तर बायको कॉटवर आणि मुलगी स्टुलावर. मुलगी म्हणाली, ‘पप्पा, मम्मी गेली.’ मी बायकोचा हात हातात घेऊन बघितला. गार होता. आत्ता गेलेल्या माणसाचा हात एवढा गार नसतो, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण मी दार उघडून शेजाऱ्यांना हाक मारली, आणि मग माणसं आली, फोन झाले, पाळक आले, पेटी आली. मुलीला बायकांनी हाताला धरून स्टुलावरून उठवलं. मला का उठवलं नाहीस, हे विचारायचं राहून गेलं. नंतर विचारायचा धीर झाला नाही, असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. नंतर विचारावंसंच वाटलं नाही.

तर शिरूरहून आणल्यावरची गोष्ट. त्या आठवड्यात मला दुपारपाळी होती. कंपनीची बस जेवणं झाल्यावर कोपऱ्यावर येते, म्हणजे सकाळ मोकळी. मी दाढी करत होतो. मुलगी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेली.

‘पप्पा, जरा बघता का? ही माणसं झोपतच नाहीत. बघा ना काय फॉल्ट आहे.’

कोणी फॉल्ट आहे म्हटलं की माझे पाय आपोआप तिकडं वळतात. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी बघायला बसलो.

तो माणसांचा खेळ. मारामारी नाही, शर्यत नाही. घर बांधायचं, त्यात माणसं ठेवायची आणि त्यांचं रोजचं बघायचं. प्रत्येकाच्या नावानं खाली पट्ट्या असतात: भूक, अंघोळ, झोप. पट्टी हिरवी असली की बरं, लाल झाली की वाईट. बोलतात ते कुठल्याच मुलखाचं नाही. तिनं आमचंच घर केलं होतं. त्याच दोन खोल्या, तेच लोखंडी कपाट, तोच रेडिओ. कॉटवर आई. आत माझ्यासारखा एक टकल्या. आणि कॉटशेजारी उभी असलेली एक मुलगी. तिघांचीही झोपेची पट्टी लालभडक. मुलगी उभ्या उभ्या डुलायची, मधेच भुईवर कोसळायची, आणि उठून पुन्हा तिथंच उभी राहायची.

‘हे कधीपासून?’

‘बरेच दिवस झाले.’

‘तू काय काय करून बघितलंस?’

‘काही नाही.’

‘चांगलं केलंस. आता ऐक. सगळं एकदम बदलायचं नाही. एका वेळी एकच बदल, आणि मग थांबून बघायचं.’ हे मी कंपनीत नव्या पोरांना सांगतो. त्यांना एका वेळी चार व्हॉल्व्ह फिरवायची घाई असते, आणि मग कशानं काय झालं ते देवालाही सांगता येत नाही.

पहिल्यांदा त्या मुलीला हुकूम दिला, झोप. ती वळली, दोन्ही हात वर करून कुरकुरली आणि डोक्यावर कॉटचं चित्र आलं, त्यावर फुली.

‘कॉटपर्यंत जाता येत नाहीये तिला. मधे काय आहे?’

मधे स्टूल होतं. खऱ्या घरात मुलगी आईच्या कॉटशेजारी भुईवर गादी टाकून झोपायची. त्या खेळात भुईवर झोपायची सोयच नाही. ज्यांनी बनवला त्यांच्या घरी सगळ्यांना पलंग असणार. म्हणून तिनं त्या एवढ्याशा जागेत दुसरी कॉट कोंबली होती. एका बाजूला कपाट, दुसरीकडं आईची कॉट, आणि पायथ्याशी स्टूल. माणूस आत शिरणार कुठून?

‘स्टूल काढ.’

तिचा हात थांबला. ‘स्टूल काढलं तर बसायचं कुठं?’

‘झोपणाऱ्याला बसायला कशाला पाहिजे?’

तिनं स्टूल बोटभर सरकवलं. मी म्हटलं, चांगलं बाजूला घे. घेतलं. पुन्हा हुकूम दिला. या वेळी ती मुलगी गेली, आडवी झाली, झोपली. मला जरा बरं वाटलं. पट्टी हिरवी झाली, ती उठली, आणि पुन्हा आईजवळ जाऊन उभी राहिली. मग आम्ही काहीच हुकूम न देता बघत बसलो. पट्टी पिवळी झाली, लाल झाली. ती काही हलली नाही. शेवटी कोसळली.

‘म्हणजे सांगितलं तर झोपते, आपणहून झोपत नाही,’ मी म्हणालो. ‘रेडिओ चालू आहे का?’

रेडिओ बंद केला. फरक नाही. दिवे घालवले. फरक नाही. मग कळलं, की तिनं नेटवरून बाहेरच्या फाइली आणून खेळात घातल्यात. साड्या, आपल्याकडची भांडी, लोखंडी कॉट. बाहेरचा माल म्हटला की माझा पहिला संशय तिथंच. म्हटलं, ते सगळं काढून कोरा खेळ चालू कर. तिनं काढलं. चालू केलं, तर कॉटवर आई गुलाबी पँट आणि बिनबाह्यांचा बनियन घालून पडलेली.

‘अय्यो, मम्मी!’ मुलगी म्हणाली, आणि हसली. किती दिवसांनी तिचा तो आवाज ऐकला. मीही हसलो. माझा साबण तोवर गालावर वाळून कडक झाला होता आणि तो तडकल्याचं मला जाणवलं.

फाइलींचाही दोष नव्हता. पँटमध्येही कोणी झोपेना. तिनं आईची साडी परत आणली.

आता मात्र मी इरेला पेटलो. आणि मग एकदम स्वतःच्याच कपाळावर हात मारावासा वाटला. पंप आपोआप चालू होत नसेल, पण हातानं चालवला तर चालत असेल, तर शेंबडं पोरही आधी काय बघतं? ऑटोवर आहे की मॅन्युअलवर. मी मोटर उघडून बसलो होतो आणि बटण बघितलंच नव्हतं.

‘या खेळात असं काही असतं का,’ मी विचारलं, ‘की माणसांनी आपल्या मनानं वागायचं की नाही?’

तिनं सेटिंग उघडून दाखवलं. माणसांची स्वतःची मर्जी: बंद.

‘हे कोणी बंद केलं?’

‘मी.’

‘तुला माहीत होतं?’

‘हो.’

मला राग आला. खरा राग, डोक्यात जाणारा. कित्येक महिन्यांत मला कशाचाच राग आला नव्हता. ‘मग सकाळपासून मला कशाला कामाला लावलंस? माझी दाढी तशीच, अंघोळ राहिली, जेवायचं अजून! फॉल्ट ठाऊक असून लाइन तपासायला लावतात का कोणाला?’

‘मला वाटलं,’ ती म्हणाली, ‘दुसरंच काहीतरी निघेल. म्हणजे हे चालू करावं लागणार नाही.’

‘का नाही करायचं चालू?’

‘चालू केलं की सगळे उठून जातात, पप्पा.’ ती स्क्रीनकडं बघतच बोलत होती. ‘मम्मीजवळ कोणी थांबतच नाही. मम्मीची पट्टी लाल असते, आणि तुम्ही रेडिओ लावून नाचायला लागता. मी फ्रिज उघडून उभी राहते. कोणाला तिची पडलेलीच नसते. म्हणून मी सगळ्यांना बंद केलं. आता मी हिला सांगते, इथं थांब. ती थांबते.’

‘किती वेळ?’

‘रिलीव्हर येईपर्यंत.’

तिनं ते इतकं साधेपणानं सांगितलं, की मला आधी काही लागलं नाही. मग मी समोर बघितलं. स्क्रीनवर नाही, खोलीत. बायकोची कॉट होती तशीच होती. कॉटशेजारी स्टूल होतं तसंच होतं. इतक्या दिवसांत येताजाता माझी त्याला ठेच लागली असेल, पण मी ते हलवलं नव्हतं आणि तिनंही नाही. शिरूरला मावशीच्या उशाशी ती का बसत होती, एसटीत माझ्या तोंडाकडं का बघत होती, हे सगळं त्या स्टुलाशी येऊन थांबलं. तिला बायकांनी हाताला धरून उठवलं होतं. तिच्याकडून चार्ज कोणी घेतलाच नव्हता. घ्यायचा होता तो माणूस दारात उभा राहून पाव्हण्यांना जागा दाखवत होता.

‘त्या दिवशी तू मला उठवलं का नाहीस?’ मी विचारलं.

तिनं खालचा ओठ दातांत धरला.

मी उठलो, तोंड धुतलं, आणि येऊन कॉटशेजारच्या स्टुलावर बसलो. पाळीवर बसतात तसा, ताठ.

‘चार्ज दे,’ मी म्हणालो.

‘काय?’

‘त्या दिवसाचा. तू दिला नाहीस, मी घेतला नाही. आता दे.’

ती लॅपटॉप खाली ठेवून उभी राहिली, आणि द्यायला लागली. आवाज एकसुरी, मी शिकवला होता तसा.

‘पेज केली होती. दोन-तीन चमचे घेतली. दुपारचं औषध दिलं. पाणी चमच्यानं. डाव्या कुशीवर होती, उजवीवर घेतलं. ओठांना तूप लावलं. मग ती म्हणाली, तुझं पप्पा आलं का? म्हटलं, आलेत, आत झोपलेत, उठवू का? तर म्हणाली, नगं. झोपू दे त्यांना. रातभर राबून आलेत.’

‘पुढं?’

‘पुढं श्वास लांब लांब झाला. एक आला, मग थांबायचा, मग दुसरा. मी बघत होते. मग एक आला आणि पुढचा आला नाही. मला वाटलं येईल. मी वाट बघितली, पप्पा. मग तुम्हाला उठवायला उठले, पण मम्मी म्हणाली होती झोपू दे. आणि जागा कशी सोडायची? रिलीव्हर नव्हता. मी परत बसले. म्हटलं, चहाच्या वेळेला तुम्ही येणारच आहात.’

इंजेक्शन उतरायला लागतं तेव्हा आधी मुंग्या येतात आणि मग एकदम ठणकतं. मला दुखलं. कुठं दुखतंय ते दाखवता आलं नसतं, पण फार दुखलं. मी आत घोरत होतो, आणि भिंतीच्या या बाजूला माझी बायको माझी झोप मोडू नये म्हणून मला न भेटता गेली, आणि माझं लेकरू नियम मोडू नये म्हणून तिच्याजवळ एकटं बसून राहिलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही. चार्ज घेताना मधे हलायचं नसतं.

‘पेंडिंग?’ मी विचारलं. आवाज फाटला.

तिनं विचार केला. खरंच विचार केला, एखादं औषध राहिलंय का असा.

‘काही नाही,’ ती म्हणाली. ‘पेंडिंग काही नाही, पप्पा.’

‘चार्ज घेतला,’ मी म्हणालो. ‘झोप तू. मी जागा आहे.’

ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. तिचे खांदे खाली आले. ती कॉटच्या कडेला बसली, आईच्याच कॉटवर, मग जशी होती तशी आडवी झाली, पायही वर घेतले नाहीत. मी हळूच तिचे पाय उचलून वर ठेवले. एवढ्यात तिला झोप लागली होती.

मी स्टुलावर बसून राहिलो. भुईवर लॅपटॉप चालूच होता. त्यातली मुलगी डुलत उभी होती. मी वाकून ते सेटिंग शोधलं आणि चालू केलं. ती मुलगी लगेच वळली, आपणहून कॉटकडं गेली आणि पांघरूण ओढून झोपली. टकल्यानं रेडिओ लावला. मी घाईनं आवाज बंद केला. तो बिनआवाजाचा नाचायला लागला, हात वर करून, कंबर हलवून. नाच लेका, म्हटलं.

जेवायची वेळ झाली आणि गेली. कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, आणि बस गेली. मी तिच्याकडं बघत होतो. हॉर्ननंही तिची पापणी हलली नाही. थोड्या वेळानं मांडीवरचा फोन थरथरला. शिफ्ट इनचार्ज होता.

‘बस पोचली की वो इथं, तुम्ही कुठं हायसा?’

‘घरी. आज येत नाही.’

‘असं कसं म्हंता? तुमच्या जागेवर सकाळपाळीचा माणूस अडकलाय. तो सोडंना जागा. आजारी हाय का?’

‘नाही.’

‘मग काय झालं?’

‘माझीही पाळी चालू आहे,’ मी हळू आवाजात म्हणालो. ‘पोरगी झोपलीय.’

मी फोन बंद केला आणि तिचा पुढचा श्वास येण्याची वाट बघितली. तो आला. मग त्याच्या पुढचाही आला.